साक्षीदार म्हणून सही

गेल्या वर्षी मार्चच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी अकरा वाजता मिशिगनमधल्या एका मॉर्मन मंदिरात एमिली नावाच्या तेवीस वर्षांच्या मुलीचं लग्न लागलं. विधी पंचवीस मिनिटं चालला. मुलीचे वडील आत होते, मुलाचे आईवडील आत होते, दोन्हीकडचे मिळून वीसेक नातेवाईक आत होते. मुलीची आई लोरेन त्याच इमारतीत, दाराजवळच्या प्रतीक्षालयात बसली होती. तिच्याकडे आत जाण्याचं कार्ड नव्हतं.

कार्ड नसण्यामागच्या घटना मी लिहिलेल्या एका लेखापासून सुरू झाल्या. लेख मराठीत होता.

इथली नावं बदललेली आहेत. त्या लेखातही बदलली होती. या वेळी छापण्याआधी लोरेनला विचारलं आहे.

मिशिगनमधल्या नोव्हाय आणि आसपासच्या तीन गावांच्या बातम्या देणारं एक साप्ताहिक आहे. पुण्यातल्या एका दैनिकात दहा वर्षं उपसंपादक म्हणून काम केल्यानंतर, नवऱ्याच्या नोकरीमागे इकडे आल्यावर, मी तिथे वार्ताहर म्हणून लागले. लोरेन तिथे एकोणीस वर्षं प्रुफं तपासत होती. वय साठीच्या जवळ, उंची बेताची, केस पांढरे आणि कापलेले, बाह्या बाराही महिने कोपराच्या खाली. तिच्या टेबलावर स्टीलची पट्टी, हिरवी पेन्सिल आणि गरम पाण्याचा मग असे. मॉर्मन लोक चहा-कॉफी पीत नाहीत. ती लिंबाची फोड टाकून पाणी प्यायची.

नावं ती शेवटच्या अक्षरापासून उलटी वाचत असे. मजकुरात फोन नंबर आला की तो स्वतः लावून बघायची. एकदा कुत्र्यांचे केस कापणाऱ्या दुकानाच्या जाहिरातीतला नंबर तिनं लावला, तर पलीकडे अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या संस्थेची बाई बोलू लागली. लोरेननं तिची माफी मागितली, तिच्या संस्थेचा नंबर आमच्याकडे बरोबर आहे ना तेही विचारून घेतलं आणि मग फोन ठेवला.

मृत्युलेखांच्या बाबतीत ती सगळ्यात कडक होती. प्रत्येक घरी फोन करून नातवंडांच्या नावांचं स्पेलिंग विचारायची. संपादक एकदा वैतागून म्हणाले, "लोरेन, घरच्यांनीच लिहून पाठवलंय ते."

"घरच्यांनी रडत रडत लिहिलंय," ती म्हणाली. "आणि ज्याच्याबद्दल आहे त्याला दुरुस्ती मागता येणार नाही."

ती कधी शिवी देत नसे. लावलेलं पान ऐनवेळी मोडावं लागलं, छपाईची वेळ चुकली, संगणक बंद पडला, तरी तोंडातून फार तर "ओ माय हेक" निघे. आमचा क्रीडा वार्ताहर तिच्यासमोर मुद्दाम शिव्या द्यायचा. ती त्याला म्हणाली, "तुझी शब्दसंपत्ती वाढव. एकच विशेषण किती वेळा वापरशील?"

मला ती 'किडो', म्हणजे पोरी, म्हणायची. मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होते.

माझ्या नवऱ्याचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिसऱ्या दिवशी ती काचेचं मोठं भांडं घेऊन दारात उभी होती. बटाटे, चीज, वर कुरकुरीत कॉर्नफ्लेक्स. त्यांच्या लोकांत हा पदार्थ मयताच्या घरी नेतात आणि त्याचं नावही तेच आहे, फ्युनरल पोटॅटोज. हे तिनंच सांगितलं. नवरा पलंगावरून ओरडला, "पण मी मेलो नाहीये अजून!"

"काही हरकत नाही," लोरेन म्हणाली. "बटाटे थांबायला तयार नव्हते."

आम्ही मांस खात नाही म्हणून तिनं नेहमीचं चिकन सूप न घालता ते केलं होतं, आणि डबाबंद वस्तूंच्या चिठ्ठ्या वाचून कशात काय आहे याची यादी झाकणावर चिकटवली होती.

ऑफिसात रुजू होऊन वर्ष झाल्यावर एकदा मी तिला तो प्रश्न विचारला, जो अमेरिकेत प्रत्येक मॉर्मन माणसाला कधी ना कधी विचारला जातो. त्यांच्यातले श्रद्धाळू स्त्रीपुरुष कपड्यांच्या आत एक विशिष्ट अंतर्वस्त्र घालतात. मंदिरात घेतलेल्या शपथांची ती खूण असते. मी म्हणाले, "खरं का गं ते?"

तिनं पट्टी खाली ठेवली. "मागच्या उन्हाळ्यात ऑफिसच्या पिकनिकला तुझा नवरा पोहायला उतरला होता. त्याच्या खांद्यावरून एक दोरा होता. मी विचारलं होतं का?"

"नाही."

"का नाही विचारलं?"

"...सभ्य आहेस म्हणून."

"बरोबर. आता मी तुझं सांगते, तू माझं सांग."

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी तिला जानवं सांगितलं आणि तिनं मला शपथा सांगितल्या, म्हणजे सांगता येण्याजोग्या तेवढ्या. त्यातली एक ब्रह्मचर्याच्या जवळची होती. लग्नाआधी कोणाशीही संबंध नाही, लग्नानंतर फक्त नवऱ्याशी किंवा बायकोशी, आणि लग्न म्हणजे एक स्त्री व एक पुरुष. मंदिरात जायचं असेल तर दर दोन वर्षांनी बिशपसमोर बसून या आणि अशा काही प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. उत्तरं समाधानकारक असली की छोटं कार्ड मिळतं. त्याला ते 'रेकमेंड' म्हणतात. त्यांचा बिशप पगारी धर्मगुरू नसतो. मंडळीतल्याच, म्हणजे गावच्या चर्चच्या सभासदांतल्याच, एखाद्या गृहस्थावर पाचेक वर्षं ती जबाबदारी येते, आणि तो आठवडाभर आपली नोकरी करून उरलेल्या वेळात ती पार पाडतो.

"बारा वर्षांच्या मुलांनाही विचारतात?" मी विचारलं.

"विचारतात. आता आईबाप सोबत बसू शकतात. माझ्या मुलांच्या वेळी दार बंद असायचं."

तिनं पाण्याचा घोट घेतला. नंतर जे सांगितलं ते मी विचारलेलं नव्हतं. तिशीत असताना ती किशोरवयीन मुलींच्या रविवारच्या वर्गाला शिकवत असे. शुद्धतेच्या धड्यासाठी तेव्हा सर्रास वापरली जाणारी एक युक्ती होती. तिनं पांढरा गुलाब आणला आणि सांगितलं, प्रत्येकीनं हातात घ्या, पाकळी चुरगाळून बघा, पुढे द्या. सोळा मुली होत्या. गुलाब परत आला तेव्हा तिनं विचारलं, "आता हे कोणाला हवंय?" कोणी हात वर केला नाही. धडा तिथे संपायचा होता.

"शेवटच्या रांगेत एक मुलगी होती," लोरेन म्हणाली. "ती त्यानंतर आली नाही. तिचं नाव मला माहीत आहे. पत्ता तीनदा शोधला, तीनदा चुकीचा निघाला."

मी म्हणाले, "आमच्याकडे काचेचं भांडं म्हणतात. मुलीची अब्रू म्हणजे काचेचं भांडं."

"आणि मुलांची?"

"मुलांचं भांडं नसतं."

"आमच्याकडेही गुलाब मुलींच्याच वर्गात फिरायचा," ती म्हणाली आणि प्रुफांकडे वळली.

लोरेनला दोन मुलं. थोरला बेन, धाकटी एमिली. बेन एकोणिसाव्या वर्षी धर्मप्रचाराला दोन वर्षं ब्राझीलला गेला. परत आल्यावर तिसऱ्या आठवड्यात स्वयंपाकघरात तो तिला काही सांगू लागला. बराच वेळ अडखळला. "मला वाटतं," "असं काहीसं," "म्हणजे तसं नाही पण." लोरेननं हात पुसले आणि म्हणाली, "बेन, एका वाक्यात सांग. कर्ता, क्रियापद."

तो म्हणाला, "मी गे आहे."

"वाक्य बरोबर आहे," ती म्हणाली. "बस. जेव."

हे तिनं मला हसत सांगितलं. त्यानंतरची दोन वर्षं तिनं हसत सांगितली नाहीत. मंडळीची भूमिका अशी की आकर्षण हे पाप नाही, कृती पाप आहे. बेननं आयुष्यभर एकटं राहायचं ठरवलं असतं तर कार्डही मिळालं असतं. लोरेननं त्या दोन वर्षांत त्याला तसं सुचवलं होतं. "मी त्याला लिहून पाठवलं," ती म्हणाली. "चार पानं. एकही चूक नव्हती त्यात." बेननं उत्तर दिलं नाही. तो वॉशिंग्टन राज्यात बेलव्ह्यूला गेला, तिथे सॉफ्टवेअरच्या कंपनीत लागला, आणि मार्कस नावाच्या माणसाबरोबर राहू लागला.

माझ्या लेखाच्या आधीच्या उन्हाळ्यात त्या दोघांनी लग्न केलं. लोरेन गेली. तिचा नवरा कीथ गेला नाही, पण त्यानं तिला विमानतळावर सोडलं. चर्चमध्ये कोणी विचारलं तर तो "बहिणीकडे गेलीय" म्हणणार होता. लोरेनची बहीण त्याच राज्यात, स्पोकेनला राहते. कीथचं वाक्य खोटं ठरू नये म्हणून परतताना ती दोन दिवस खरोखर बहिणीकडे राहिली.

त्या राज्यात लग्नाच्या कागदावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. मार्कसच्या बाजूनं त्याच्या मित्रानं केली. बेनच्या बाजूनं जी मैत्रीण करणार होती तिची फ्लाइट रद्द झाली. बेननं आईकडे पाहिलंही नाही. तो दुसऱ्या कोणाला तरी फोन लावू लागला. लोरेननं पेन मागितलं, मजकूर वरपासून खालपर्यंत वाचला, मार्कसच्या आडनावातलं एक गळलेलं अक्षर दाखवून दुरुस्त करून घेतलं आणि सही केली.

हे तिनं मला ऑक्टोबरात, ऑफिसच्या मागच्या खोलीत, मायक्रोवेव्हसमोर सांगितलं. लग्नाला हजर असलेले लोक आणि कीथ सोडून ते कोणाला माहीत नव्हतं. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "हे पेपरात येणार नाही."

"नाही येणार."

"शब्द?"

"शब्द."

ते पेपरात आलं नाही.

आमच्या भागातलं मराठी मंडळ दिवाळीला अंक काढतं. त्या वर्षी संपादकांनी माझ्याकडे 'इथल्या एखाद्या माणसावर' काहीतरी मागितलं. मी लोरेनवर लिहिलं. तिचं नाव रूथ केलं, मुलाचं वेगळं केलं. ती साप्ताहिकात प्रुफं तपासते हे तसंच ठेवलं, कारण पट्टी, पेन्सिल आणि उलटी वाचलेली नावं त्याशिवाय लिहिता येत नव्हती. सहीचा प्रसंग शेवटी घेतला. मराठीत आहे, तीनशे घरांत जाणार आहे, त्यातल्या निम्म्या घरांत फक्त पाककृती वाचल्या जाणार आहेत, असा माझा हिशेब होता. लोरेनला विचारलं नाही. विचारलं असतं तर ती नको म्हणाली असती, हे मला तेव्हाही माहीत होतं.

लेख आवडला. पार्किंगमध्ये, दिवाळीच्या फराळाला, व्हॉट्सॲपवर लोकांनी सांगितलं की शेवटी डोळ्यांत पाणी आलं. मंडळानं अंक संकेतस्थळावर टाकला.

खानोलकरकाका मंडळातले सगळ्यात जुने. गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत पस्तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात त्यांचा फोन आला.

"अगं, काय लिहिलंयस! मी तर ट्रान्सलेट करून टाकलं. तीन दिवस लागले मला."

"ट्रान्सलेट? कशाला काका?"

"अगं माझा जुना कलीग आहे ना, डॅन. तो मॉर्मनच आहे. एकदम जंटलमन. म्हटलं, बघ बाबा, आमची मुलगी तुमच्या लोकांबद्दल किती रिस्पेक्टनं लिहिते. फॉरवर्ड केलं त्याला."

मागून शैलाकाकूंचा आवाज आला, "अहो, आधी तिला विचारायचं नाही का?"

"अगं कौतुकच आहे ते! शिव्या थोड्याच आहेत? आणि डॅन नोव्हायचाच. त्यांच्या चर्चचा तो हेड आहे सध्या. बिशप म्हणतात. म्हणजे पुजारीच, पण सॅलरी नाही. ब्रेक टेस्टिंग करून वर ते."

लोरेन नोव्हायच्याच मंडळीत होती. मी विचारलं, "त्यांचं उत्तर आलं का?"

"आलं ना. व्हेरी मूव्हिंग म्हणाला."

मी लोरेनला काही सांगितलं नाही. डॅननं कदाचित पूर्ण वाचलं नसेल, वाचलं तरी ओळखलं नसेल, ओळखलं तरी बोलणार नाही, असे तीन अंदाज मी केले. बातमीच्या बाबतीत असा एकही अंदाज मी छापला नसता.

लोरेनच्या कार्डाची मुदत डिसेंबरात संपत होती. पहिल्या रविवारी ती नूतनीकरणासाठी डॅनसमोर बसली. त्या भेटीत काय झालं हे मला लोरेननं सांगितलं, आणि पुढे डॅननंही, तिच्या परवानगीनं. दोघांच्या सांगण्यात फरक नाही. डॅननं नेहमीचे प्रश्न विचारले. मंडळीच्या शिकवणीविरुद्ध असलेल्या कशाला पाठिंबा देता का, या अर्थाचा एक प्रश्न त्यात असतो. बहुतेक लोक "नाही" म्हणतात आणि पुढे जातात. लोरेननं आधीच्या प्रश्नांना उत्तरं दिली होती. इथे ती थांबली. डॅननं टेबलाच्या खणातून काकांचं भाषांतर काढून तिच्यासमोर ठेवलं. तो म्हणाला, "हे तुमच्याबद्दल आहे का, हे मी विचारत नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मी पुढे जाईन."

लोरेननं पानं वाचली. चार होती. मग म्हणाली, "माझ्याबद्दल आहे."

डॅननं विचारलं की त्या सहीचा तिला पश्चात्ताप आहे का. तो मला म्हणाला, "मी तिला 'हो' म्हणायला पुरेसा वेळ दिला. मी घड्याळाकडे बघत बसलो." ती 'नाही' म्हणाली. डॅननं कार्डावर सही केली नाही. दुसऱ्या गावातल्या मंडळीतली एक बाई मला नंतर म्हणाली की तिचा मुलगाही तसाच आहे, ती त्याच्या लग्नात नाचली, आणि तिच्या बिशपनं कधी काही विचारलं नाही. ते माणसावर असतं, ती म्हणाली. डॅनचं म्हणणं असं की कागद समोर आला नसता तर त्यानंही विचारलं नसतं.

सोमवारी लोरेन नेहमीच्या वेळेला आली. कोट काढला, पाण्याचा मग भरला आणि काकांचं भाषांतर माझ्या टेबलावर ठेवलं. त्यावर हिरव्या खुणा होत्या.

"तुझ्या काकांचं इंग्रजी बरं आहे," ती म्हणाली. "अकरा ठिकाणी 'द' राहिलाय. ते त्यांचं. हे तुझं."

शेवटच्या पानावर एका वाक्याखाली दोन रेघा होत्या. वाक्य होतं: सही करताना तिच्या डोळ्यांतून पाणी कागदावर पडलं.

"मी रडले नव्हते," लोरेन म्हणाली. "मी तुला रडले असं सांगितलं होतं का?"

"नाही."

"मग हे कुठून आलं?"

मी म्हणाले, "मी घातलं."

"का?"

 ज्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं ते सगळे त्याच वाक्यापाशी थांबले होते.

"किडो," ती म्हणाली, "तुझ्या या वाक्यात माझ्या मुलानं काय बघितलं? आई रडत रडत सही करते, म्हणजे नाइलाजानं. मी नाइलाजानं नाही केली. पेन मी मागून घेतलं." तिनं पानं माझ्याकडे सरकवली. "बाकी सगळं बरोबर आहे."

मी म्हणाले, "मी डॅनला सांगते की तो प्रसंग मी रचला. एक वाक्य रचलंच आहे. बाकीचंही रचलं म्हणते."

"सही रचलेली नाही. कागद सरकारी दफ्तरात आहे." ती आपल्या टेबलाकडे गेली. त्या आठवड्याच्या अंकात तीन मृत्युलेख होते. दुपारपर्यंत तिनं तीनही घरी फोन केले.

एमिलीचं लग्न तेव्हा ठरलेलं होतं. मंदिरातला विवाह त्यांच्या दृष्टीनं मरणापर्यंतचा नसतो, कायमचा असतो, आणि कार्ड नसलेल्या माणसाला तो पाहता येत नाही, मग ते आईबाप का असेनात. लोरेननं स्वतःच्या लग्नात आपल्या वडिलांना बाहेर बसवलं होतं. ते मंडळीत नव्हते. हे तिनं मला पूर्वीच सांगितलं होतं, वेगळ्या संदर्भात.

एमिलीनं आईला सुचवलं की आधी साधं लग्न करू, सगळ्यांसमोर, आणि मग मंदिरात जाऊ. हल्ली नियमात ते बसतं. लोरेन नको म्हणाली. एमिली आठ वर्षांची असल्यापासून मंदिराच्या पायऱ्यांवरच्या नवरीचं चित्र काढत होती, आणि मुलाच्या घरच्यांनी तारीख घेऊन ठेवली होती. मग एमिलीनं दुसरं सुचवलं. ती रडत होती. हे मला कीथनं सांगितलं, आणि मी त्याला दोनदा विचारून खात्री करून घेतली. ती म्हणाली, "मॉम, फक्त सॉरी म्हण ना बिशपला. मनातून नाही म्हटलंस तरी चालेल."

लोरेन म्हणाली, "आणि बेनला ते कळलं तर?"

जानेवारी आणि फेब्रुवारीत डॅननं तिला दोनदा बोलावलं. ती दोन्ही वेळा गेली.

लग्नाच्या आदल्या बुधवारी ती मला म्हणाली, "शनिवारी मोकळी आहेस का? कीथ आत असेल. बेनचं विमान उशिरा पोचेल. मला बाहेर कोणीतरी ओळखीचं लागेल." मग म्हणाली, "वही आणू नकोस."

मी वही नेली नाही. पुढचं स्मरणातून आहे आणि बेनकडून तपासून घेतलं आहे.

दाराशी पांढऱ्या सुटातले एक म्हातारे गृहस्थ कार्डं तपासत होते. कीथ त्यांच्यापर्यंत गेला, परत आला, लोरेनच्या कोटाचं वरचं बटण लावलं आणि आत गेला. प्रतीक्षालयात सोफे होते, टिपाया होत्या, रंगपेट्या घेऊन बसलेली चार मुलं होती आणि त्यांना सांभाळणारी एक तरुणी. लोरेन दाराकडे तोंड करून बसली. तिनं मोती रंगाचा ड्रेस घातला होता. नवरीच्या आईचा फुलांचा गुच्छ ड्रेसला लावलेला होता. अकराला पाच मिनिटं कमी असताना तिनं घड्याळ काढून पर्समध्ये ठेवलं.

मी म्हणाले, "लोरेन, माझ्यामुळे..."

"आता नको," ती म्हणाली. "आत्ता ती आरशांच्या खोलीत असेल. समोरासमोर दोन आरसे असतात. त्यात बघितलं की एकामागे एक अशी अनेक लग्नं दिसतात. मला वीस मिनिटं ते बघू दे."

तिनं डोळे मिटले नाहीत. समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

अकरा वाजून दहा मिनिटांनी बेन आणि मार्कस धावत आले. बेनच्या हातात बॅग होती. त्यानं आईला पाहिलं, आतल्या दाराकडे पाहिलं, पुन्हा आईकडे पाहिलं. कार्डाचं त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

"तू बाहेर का?" तो म्हणाला.

"जागा नव्हती," लोरेन म्हणाली.

आम्ही एकत्र काम केलं त्या सगळ्या वर्षांत आणि त्यानंतरही, तिच्या तोंडून मी ऐकलेलं चूक वाक्य हे एवढंच.

बेननं माझ्याकडे पाहिलं. त्याला लेखाबद्दल पुढे मी सांगितलं, एप्रिलमध्ये, फोनवर. त्यानं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. त्यानंतर या मजकुरातले तपशील तपासण्यापुरतं त्यानं मला ईमेलनं उत्तर दिलं आहे.

साडेअकराला एमिली पायऱ्यांवर आली. फोटोग्राफर नातेवाइकांना ओळीत लावत होता. बेन आणि मार्कस रेलिंगपाशी उभे राहिले. लोरेन खाली गेली, दोघांच्या कोटांच्या बाह्या धरून त्यांना वर आणलं आणि एमिलीच्या डाव्या बाजूला उभं केलं. फोटोग्राफरनं विचारलं, "हे कुटुंबातले?" ती म्हणाली, "हो. दोघंही." मुलाकडचे दोन पावलं सरकले. फोटो निघाला.

पुढच्या अंकात लग्नाची बातमी आली. ती मी लिहिली होती. 'दोन्हीकडच्या आईवडिलांच्या उपस्थितीत' असं आमचं ठरलेलं वाक्य असतं. लोरेननं ते खोडून 'वराचे आईवडील व वधूचे वडील यांच्या उपस्थितीत' असं केलं. संपादक म्हणाले, "राहू दे गं, कोण बघतंय?" ती म्हणाली, "मी तिथे नव्हते." बातमी तशी छापली गेली.

जूनमध्ये तिनं नोकरी सोडली. तिनं आणि कीथनं घर विकून आयडाहोला, स्पोकेनच्या बहिणीपासून जवळ, जायचं ठरवलं. जाण्याआधीच्या रविवारी कीथचा डोळा बांधलेला होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून चर्चला तिला मी सोडलं. प्रार्थनेनंतर डॅननं तिला खोलीत बोलावलं. मी गाडीत थांबले. पंधरा मिनिटांनी दोघं बाहेर आले. डॅननं तिच्यासाठी गाडीचं दार उघडलं. खिडकीतून वाकून मला म्हणाला, "काकांना माझा नमस्कार सांगा." तो नमस्कार हा शब्द मराठीत म्हणाला.

रस्त्याला लागल्यावर लोरेन म्हणाली, "तो म्हणाला, नव्या गावी नवं कार्ड घेऊन जा. फक्त एक सांग, आज ती सही पुन्हा करायची वेळ आली तर करशील का?"

"आणि?"

"करेन म्हटलं."

तिच्या घरासमोर खोके रचलेले होते. ती उतरली. मी काही बोलणार होते. ती म्हणाली, "मागे वळताना बघ, शेजाऱ्याचा कुत्रा असतो," आणि आत गेली.

मंगळवारी सकाळी साडेसातला ट्रक निघाला. आयडाहोत ती दर रविवारी चर्चला जाते आणि मागून तिसऱ्या रांगेत बसते. नव्या बिशपनं तिला दोनदा भेटीला बोलावलं, ती दोन्ही वेळा गेली. ही माहिती एमिलीनं या महिन्याच्या सुरुवातीला दिली. तोपर्यंत लोरेनकडे कार्ड नव्हतं.